परीक्षेची पार्सलं

माझी म्हैसुरातली पहिली मुलाखत ओढणीवर झाली. लग्न करून सांगलीहून नुकतीच आले होते, हातात मेकॅनिकलची पदवी होती आणि घरात बसून जीव आंबून गेला होता. हूटगळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत कन्व्हेयर बनवणाऱ्या एका कंपनीत जागा आहे असं कळलं, तशी जाऊन धडकले. समोर तिघं बसले होते. दोघांनी मोटर, बेअरिंग, गिअरबॉक्स असं रीतसर विचारलं. तिसरे, साठीकडे झुकलेले गृहस्थ, माझी उत्तरं न ऐकता माझ्या खांद्याकडे टक लावून बघत होते. मला ते मुळीच आवडलं नव्हतं. त्यांची पाळी आली तेव्हा ते पुढं वाकले आणि चक्क मराठीत म्हणाले, "या ओढणीला पिको कुणी केला, अम्मा?"

मी घुश्शातच म्हटलं, "आमच्या गल्लीतल्या काकूंनी."

"टाका स्वल्प मोठा घातलाय. पण धाग्यात कंजूषपणा नाही केला. इतकी धुतलीस तरी टोक सुटलं नाही, अल्वा?" एवढं बोलून ते मागं टेकले आणि आपले प्रश्न संपले असं त्यांनी बाकीच्या दोघांना हातानंच सांगितलं. मला नोकरी लागली. म्हैसुरात लहानमोठ्या कुठल्याही बाईला अम्मा म्हणतात हे मला पुढं कळलं. त्या दिवशी मात्र साठीच्या माणसानं मला आई करून टाकलं म्हणून मी नवऱ्यापुढं तावातावानं तक्रार केली होती.

सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणू लागले. सरांचं काम एकच, पट्टा निवडणं. पत्रं आणि पार्सलं गावोगावची वेगळी करणारी मोठी सॉर्टिंग सेंटरं असतात, त्यांचे कन्व्हेयर आम्ही बनवायचो. एका टोकाला ट्रकमधून पार्सलांचा ढीग पडतो, पट्ट्यावरून पळत जातो, वाटेत पत्ता वाचला जातो आणि प्रत्येक पार्सल आपापल्या गावाच्या घसरगुंडीवरून खाली पोत्यात पडतं. सांगाडा, मोटरी, रोलर हे आम्ही बाकीचे बघायचो. पण त्यावर पट्टा कुठला चढवायचा, गुळगुळीत की खरबरीत, जाड की पातळ, हे सर सांगायचे, आणि सर ते लवकर सांगत नसत.

"पट्टा म्हणजे काय अम्मा? कापड," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सुनावलं. "आत विणलेलं कापड, वरून मेणकापडासारखा लेप. माणसं लेप बघतात आणि फसतात. आपण वीण बघायची." मग नमुन्याचा तुकडा कानाशी नेऊन अंगठ्यानं आणि बोटानं चोळायचे, डोळे मिटून ऐकायचे. कंपन्यांचे विक्रेते टाय बांधून, चकचकीत माहितीपत्रकं घेऊन यायचे आणि हे त्यांच्यासमोर पट्टा कानाला लावून बसायचे. ते बिचारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहायचे. मी सुरुवातीला तोंड लपवायला फाइलमध्ये डोकं घालायची. पुढं पुढं मीही दार लावून चोळून बघितलं. मला काहीही ऐकू आलं नाही.

सरांचं घराणं शिंप्यांचं, विठ्ठलभक्त, कित्येक पिढ्या म्हैसुरात रुजलेलं. त्यांचं मराठी वाक्य निघायचं आपल्यासारखंच, पण अर्ध्या वाटेत कन्नड रस्त्याला लागायचं आणि 'अल्वा'वर, म्हणजे 'नाही का'वर, येऊन थांबायचं. माझं सांगलीचं मराठी त्यांना पुस्तकी वाटायचं. मी "अर्थातच" म्हटलं की ते खूश होऊन टेबलावर थाप मारायचे आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला "अर्थातच" म्हणत सुटायचे, आमच्या कन्नड वॉचमनलासुद्धा.

नवा पट्टा आला की त्याचा लांबलचक नमुना सर बोगादीच्या घरी नेत आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घालत. गुंडाळून आलेलं कापड दमलेलं असतं, त्याला लटकू द्यावं, विसावू द्यावं, मग ते किती ताणतं ते खरं सांगतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी काही कागद घेऊन घरी गेले तर दोरीवर हिरवे, काळे, निळे पट्टे लोंबत होते आणि सरांच्या पत्नीच्या, आमच्या वहिनींच्या, साड्या कुंपणावर. वहिनी म्हणाल्या, "शेजारच्या नव्या बिऱ्हाडाला वाटलं, आम्ही पायपुसणी विकतो. दोन मागायला आली की ती." सर आतून ओरडले, "दिलीस का?" वहिनी म्हणाल्या, "तुमच्या पट्ट्याला हात लावायची माझी काय टाप?" पण बोलताना त्या हसत होत्या. सरांचा स्टीलचा डबाही पांढऱ्या पट्ट्याच्या तुकड्यावर मांडला जायचा. बिस्किटांच्या कारखान्यासाठी आणलेला नमुना होता तो. चित्रान्नाचं एक शीत त्यावर सांडलं तर ते बोटानं सरकवून बघायचे, कसं घसरतं ते.

एकदा मी त्यांच्याबरोबर सुपरमार्केटात जायची चूक केली. बिलाच्या काउंटरवर तो छोटा पट्टा असतो ना, सामान पुढं नेणारा, त्याच्यापाशी आमचा नंबर आला आणि सर खाली वाकले. वाकले ते वाकलेच. मागं रांग खोळंबली. काउंटरवरच्या मुलीला वाटलं, आजोबांना चक्कर आली, तिनं पाणी मागवलं. सर गुडघे झाडत उठले आणि गंभीरपणे तिला कन्नडमध्ये म्हणाले, "पट्टा उलटा बसवलाय, अम्मा. जोडाचं तोंड विरुद्ध दिशेला आहे. लवकर सुटेल." मुलीनं सुरक्षारक्षकाला खूण केली. मी सामान तिथंच टाकून पार्किंग गाठलं. सर मागून शांतपणे आले, हातात माझी भाजीची पिशवीही घेऊन. "तुला लाज वाटली अल्वा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अर्थातच." गाडीत बसेपर्यंत ते हसत होते.

जोड हा त्यांचा मर्मबिंदू. पट्टा कसाही असो, त्याची दोन टोकं कुठंतरी जोडावीच लागतात. त्याला ते शिवण म्हणत. माणूस भेटला की आधी त्याच्या शर्टाच्या खांद्याची शिवण बघायचे, मग चेहरा. आणि आणखी एक: एकादशीला कात्री नाही. त्यांच्या घरात बापजाद्यांपासूनची ती चाल होती, विठोबाच्या दिवशी कापड कापायचं नाही. सरांनी ती पट्ट्याला लावली होती. एकादशी आली की आमच्या वर्कशॉपमध्ये पट्टा कापायचं काम बंद. मालकांनी कधीमधी कुरकुर केली, पण सरांपुढं त्यांनी हात टेकले होते. पंचांग आमच्या नोटीसबोर्डावर सुट्ट्यांच्या यादीशेजारी लटकत असायचं.

हे सगळं गमतीचं. पण त्या माणसाचं सगळं कशात गुंतलं होतं ते मला नंजनगूड रस्त्यावरच्या नव्या सेंटरचं काम आलं तेव्हा समजलं.

त्या सेंटरचे मॅनेजर बेंगळुरूहून आलेले, तरतरीत, घड्याळाकडे बघत बोलणारे. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त आपलं यंत्र थांबायला नको होतं. पहिल्याच बैठकीत त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे पट्ट्याचा जोड लोखंडी क्लिपांचा हवा. दोन्ही टोकांना क्लिपा मारायच्या, त्या एकमेकींत बसवायच्या आणि मधून तार ओवायची. पट्टा फाटला तर तार ओढली की सुटा, नवा लावला की काम सुरू. दुसरी गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली. कापडात शिवलेली पार्सलं यंत्रात अडकतात असा त्यांचा अनुभव होता. इथं अडकली, तर ती आपण घेणंच बंद करू. काउंटरवरच सांगायचं, खोक्यात घालून आणा.

सर नेहमीसारखे वाद घालतील म्हणून मी सरसावून बसले होते. ते वही मिटून उठले. परत येताना रिंगरोडला लागल्यावर म्हणाले, "आमची अक्का कापडात शिवते की पार्सलं."

मग सगळं कळलं. सरांचे वडील पोस्टाबाहेर करंजाच्या झाडाखाली बसून लोकांची पार्सलं मांजरपाटात शिवून द्यायचे, वर लाखेचा ठिपका लावून. ते गेल्यावर ती जागा थोरल्या बहिणीनं घेतली. तिचा नवरा लवकर गेला होता, मूल नव्हतं, आणि धाकटा भाऊ तेव्हा शाळेत होता. तिच्या दाभणावर सर इंजिनिअर झाले. आता भाऊ नको म्हणत असतानाही सत्तरीची अक्का रोज सकाळी जाऊन त्याच झाडाखाली बसत होती. परदेशातल्या मुलांना हप्पळ, म्हणजे पापड, आणि लोणची पाठवणारे आईबाप, गावाकडं पुस्तकं धाडणारे विद्यार्थी, देवाचा प्रसाद पाठवणारे लोक अजून तिच्याकडे येत. कापडाचं पार्सल बंद झालं की करंजाखालची जागा बंद.

"तुमच्या घरी राहतील की त्या," मी म्हटलं. "आराम करतील."

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "ती माझ्या घरी आली तर माझी बहीण होईल. तिथं ती अक्का आहे. आख्खं पोस्ट तिला अक्का म्हणतं."

सरांना क्लिपा नको होत्या. त्यांना वितळवलेला जोड हवा होता. दोन्ही टोकांना करवतीसारखे दाते कापायचे, ते एकमेकांत गुंतवायचे आणि गरम प्रेसखाली दाबून एकजीव करायचे. हात फिरवला तरी जोड कुठं आहे ते कळत नाही. पण फाटला तर तो दुरुस्त व्हायला वेळ लागतो, आणि दसऱ्याच्या गर्दीत मॅनेजरांना वेळ परवडणार नव्हता. मालकांनी सुवर्णमध्य काढला, चाचणी घ्या म्हणाले. सर म्हणाले, "आय्तु, होऊन जाऊ दे. पार्सलांनाच विचारू."

सरांची चाचणीची पद्धत ठरलेली होती. कितीतरी वर्षं ते प्रत्येक पट्ट्यावरून खोकी, प्लास्टिकच्या पिशव्या आणि कापडाची पार्सलं सोडून बघत, आणि कापडाची पार्सलं नेहमी अक्काच शिवून देई. यावेळीही रिक्षाभर पार्सलं आली. पांढरीशुभ्र, कोपरे टाचून बसवलेले, टाके सारखे. आम्ही क्लिपांच्या जोडाचा पट्टा लावला आणि सोडली. आठवडाभर सोडत राहिलो, सुलटी, उलटी, एकावर एक. एकही अडकलं नाही. मालकांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. सर मात्र पट्टा थांबवून पुन्हा पुन्हा क्लिपांवर बोटं फिरवत होते.

"हात म्हणतो अडकणार," ते म्हणाले. "पार्सल म्हणतं नाही." मग उसासा टाकून म्हणाले, "पार्सलाचं ऐकायचं. हाताला काय, वय झालं." आणि त्यांनी क्लिपांच्या जोडाला मान्यता दिली. मला त्यांचा अभिमान वाटला. स्वतःच्या मनाविरुद्ध गेलेली चाचणी इतक्या सहज मान्य करणारी माणसं मी फार बघितलेली नाहीत.

सेंटरमध्ये पट्टे बसले आणि खऱ्या टपालावर पहिली फेरी सुरू झाली. खोकी गेली, प्लास्टिकच्या पिशव्या गेल्या. मग कापडाचं एक पार्सल आलं, वळणाच्या आधी किंचित थबकलं, गर्रकन फिरलं आणि फाटलं. पट्ट्यावर हप्पळांचा चुरा पसरला. मागून येणारी पार्सलं त्यावर आदळली. यंत्र थांबवून, साफ करून पुन्हा सुरू केलं, तर थोड्या वेळानं दुसरं. मॅनेजर ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि सांगितलं, पुढच्या शनिवारी पुन्हा बघू, तेव्हाही अडकलं तर कापड बंद.

सर फाटलेलं पार्सल हातात घेऊन उभे होते. त्याच्या शिवणीवरून धाग्याचं वीतभर टोक लोंबत होतं आणि ते टोक क्लिपेत सापडून चिरडलेलं दिसत होतं. सरांनी टाके निरखले आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे अक्काचंच शिवण आहे," ते म्हणाले. "तिचा टाका मी झोपेत ओळखेन. मग आपल्याकडं का नाही अडकलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पोस्टावर गेलो. मी अक्कांना पहिल्यांदाच बघत होते. बारीक, ताठ, कपाळावर बुक्का, समोर मांजरपाटाचा गठ्ठा, मेणबत्ती आणि लाखेची कांडी. एका आजोबांचं पार्सल शिवणं चाललं होतं. भावाला बघून त्यांनी फक्त भुवया उडवल्या आणि हात चालूच ठेवला. शेवटचा टाका घातला, गाठ मारली, आणि धागा तोडताना वीतभर टोक बाहेर सोडलं. त्यावर लाखेचा ठिपका.

"एवढं टोक कशाला सोडतीस?" सरांनी विचारलं.

"लाख धरायला नको? आणि घरी उघडणाऱ्यांना टोक सापडाय पायजे की. म्हातारी माणसं असत्यात, कात्री कुठं हुडकत बसतील? टोक ओढलं की सगळं सुटतं." त्यांनी सरांना हे असं समजावलं, जणू ते आजच शाळेत दाखल झालेत.

"मग माझ्या पार्सलांची टोकं कुठं गेली?"

"तुझी आत वळवली. दोनदा दुमडून, वरून टाका घालून."

"का?"

अक्कांनी दाभण खाली ठेवलं. "तुझी परीक्षा हुती ना रे, तम्मा," त्या म्हणाल्या.

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्या एका शब्दात ते साठीचे गृहस्थ एकदम अर्ध्या चड्डीतले झाले. अक्का माझ्याकडे वळून सांगू लागल्या, "याचा परीक्षेचा शर्ट मीच शिवायची. धाग्याचं टोक आतून टोचतं, मग ध्यान लागत नाही लिहिण्यात. म्हणून सगळी टोकं वळवून घालायची. पट्ट्याची परीक्षा म्हणाला हा, म्हणून तसंच शिवलं. इतकी वर्षं तसंच शिवत्ये."

सर करंजाच्या पारावर बसले. इतक्या वर्षांच्या चाचण्या त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार. जगात कुणाच्याही घरी जात नाहीत अशा पार्सलांवर हा माणूस पट्टे निवडत आला होता. चूक नजरेला पडू नये अशीच होती, कारण ती इतकी सुबक शिवलेली होती. मला हसू यायला हवं होतं. माझे डोळे भरून आले, आणि ते मी पुसलेही नाहीत.

"अक्का," सर शेवटी म्हणाले, "मला वाईट शिवून दे."

"म्हणजे?"

"गिऱ्हाइकाला देतीस तसं. टोकं बाहेर ठेवून."

अक्कांनी मान डोलावली, एक खोकं घेतलं, भराभरा शिवलं. सरांनी हातात घेऊन बघितलं. टोक आत होतं. त्यांनी परत दिलं. दुसरं शिवलं, त्याचंही आत. अक्का स्वतःवरच चिडल्या. "तू समोर बसलास की हात ऐकत नाही. ऊठ, जा तू," असं म्हणून त्यांनी आम्हाला हाकलून दिलं.

मग ऑफिसात मोहीम निघाली. अकाउंट्सच्या बाई, स्टोअरकीपर, वॉचमन, ज्याला अक्का ओळखत नव्हत्या तो प्रत्येकजण खोकी घेऊन गिऱ्हाईक म्हणून करंजाखाली जाऊन उभा राहिला. योजना बिनतोड होती. फक्त सगळ्यांनी पार्सलांवर पत्ता घातला तो हूटगळ्ळीच्या आमच्या कंपनीचा. वॉचमनकडून अक्कांनी निरोप पाठवला, "सांग तम्माला, ओळखलं मी. सगळी टोकं बाहेर सोडल्यात. आता तरी नापास करा त्या पट्ट्याला."

ती पार्सलं क्लिपांच्या पट्ट्यावर सोडली आणि फटाफट अडकली. सर इतके खूश झाले की बघणाऱ्याला वाटावं, यांना बक्षीस लागलं. वितळवलेला जोड हवा हे सिद्ध झालं. राहिला मॅनेजरांचा वेळेचा प्रश्न, आणि तो खोटा नव्हता. एकजीव पट्टा बदलायचा तर सगळा सांगाडा खोलावा लागतो. सर मला म्हणाले, "उशीचा अभ्रा बदलायला कुणी उशी फाडतं का? एक बाजू उघडी ठेव." मी सांगाड्याला एका बाजूनं उघडझाप करता येईल असा आधार आखला. म्हणजे तयार जोडलेला पट्टा शेजारी ठेवून द्यायचा आणि लागेल तेव्हा अभ्र्यासारखा सरकवायचा. आयुष्यात मी काढलेलं ते सगळ्यात साधं आणि सगळ्यात लाडकं ड्रॉइंग.

सांगाडा तयार व्हायला शुक्रवार उजाडला. शनिवारी चाचणी. पट्ट्याचे दाते कापायचे राहिले होते, आणि नोटीसबोर्डावरच्या पंचांगात शुक्रवारी एकादशी होती.

दुसऱ्या कुणाला कापायला सांगावं असं मी सुचवलं, तर सर म्हणाले, "माझ्यासाठी दुसऱ्यानं मोडायची का?" त्यांनी अक्कांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, बहुधा आम्ही साक्षीला असावं म्हणून.

पलीकडून रस्त्याचा आवाज आला आणि मग अक्कांचा. "काप," त्या म्हणाल्या. "मी नीट शिवलं म्हणून हे झालं. विठोबानं विचारलं तर माझ्याकडं पाठव त्याला."

सरांनी पायातल्या चपला काढल्या. कटर हातात घेऊन क्षणभर पट्ट्यावर नुसता तळवा ठेवला, आणि कापायला सुरुवात केली. दात्यामागून दाता. एकही दाता तिरका गेला नाही. काम संपल्यावर ते तिथंच फरशीवर बसून राहिले. त्या दिवशी ते काही जेवले नाहीत. एकादशी होतीच, त्यामुळं कुणाला वेगळं वाटलं नाही.

शनिवारी पट्टा सुरू झाला. कापडाचं पहिलं पार्सल आलं, टोक लोंबत, लाखेचा ठिपका डुलत. जोड त्याच्या खालून निघून गेला आणि पार्सल आपल्या घसरगुंडीवरून पोत्यात पडलं. मग दुसरं. मधे एक आडवं झालं, मॅनेजर पुढं सरसावले, पण ते आपणच वळून सरळ झालं. दुपारपर्यंत मॅनेजर घड्याळ बघायचं विसरले होते. निघताना एवढंच म्हणाले, "ठीक आहे. कापड राहू दे."

सरांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "चल, कॉफी पिऊ." कॉफी पिताना मी त्यांना विचारलं, अक्कांना फोन करायचा का? ते म्हणाले, "नको. पोस्ट बंद व्हायच्या वेळी जातो. गिऱ्हाईक असेल आत्ता तिच्याकडं." आणि बशीत सांडलेली कॉफी बोटानं इकडून तिकडं सरकवत बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते निवृत्त झाले, आणि गेल्या वर्षी गेले. फार आजारी नव्हते. मी बोगादीच्या घरी वहिनींना भेटायला गेले तर अंगणातल्या दोरीवर निळ्या पट्ट्याचा एक नमुना अजून लटकत होता आणि वहिनींच्या साड्या अजून कुंपणावर. "काढवत नाही गं," वहिनी म्हणाल्या. मला त्या माणसाची अजून रोज आठवण येते. नवा पट्टा आला की दार लावून मी तो कानाशी नेते. अजूनही काही ऐकू येत नाही, पण मी नेते.

मध्यंतरी आईला कॉफीची पूड आणि एक साडी पाठवायची होती. खोक्यात घालून दिलं असतं तरी चाललं असतं, पण मी करंजाखाली गेले. अक्का आणखी बारीक झाल्यात, बसतात मात्र तशाच ताठ. आम्ही सरांविषयी काही बोललो नाही. त्यांनी खोकं हातात घेतलं, मांजरपाट कापला आणि शिवायला लागल्या. नेहमीपेक्षा वेळ लागतोय असं मला वाटलं. वय झालं, असं मी मनात म्हटलं आणि फोनवरचे मेसेज बघत उभी राहिले.

पार्सल सांगलीला पोचलं तेव्हा आईचा फोन आला. आवाजात वैताग होता.

"अगं, हे कुणाकडून शिवून घेतलंस? उघडायचं कुठून? मघापासून शोधतेय, धाग्याचं टोकच सापडत नाही."

आईला वाटलं, लाइन कट झाली. ती हॅलो हॅलो करत राहिली.

"ऐकतेस ना? कात्री लावू का?"

"आज नको, आई," मी म्हटलं. "आज एकादशी आहे. उद्या काप."

"तू कधीपासून एकादश्या पाळायला लागलीस?" आई म्हणाली.